साउथ आफ्रिकेची रेड वाइन : कमी पैशात चांगली बाटली कशी निवडायची? (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

केपटाऊनला राहायला आल्यापासून दर डिसेंबरात पुण्या-मुंबईहून कोणी ना कोणी येतंच, टेबल माउंटन बघून होतो, पेंग्विन बघून होतात, आणि मग चौथ्या दिवशी सुपरमार्केटमध्ये त्या लांबच लांब वाइनच्या रॅकसमोर उभं राहून मला फोन येतो, "अरे, यातली कुठली घेऊ?" तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय. मी काही या धंद्यातला नाही, नोकरी कॉम्प्युटरची, पण पितो आणि पैसे मोजून पितो.

इथली रेड एवढी स्वस्त कशी? काही गडबड तर नाही ना?

गडबड नाही. रँड, म्हणजे इथलं चलन, पडलेला आहे हे एक कारण, पण खरं कारण जुनं आहे आणि ते आपल्या लोकांना पटकन कळतं कारण ते थेट साखर कारखान्यासारखं आहे. इथे गावोगावी सहकारी वाइनरी होत्या, शेतकरी ट्रॅक्टरमधून द्राक्षं आणणार, काट्यावर वजन होणार, रसातली साखर मोजणार (आपल्याकडे उसाचा उतारा बघतात ना, तसंच) आणि त्यावर भाव. या सगळ्यांच्या डोक्यावर केडब्ल्यूव्ही नावाची शिखर संस्था, १९१८ साली निघालेली, ती भाव ठरवायची, कोणी किती पिकवायचं त्याचा कोटा पण होता, आणि जास्तीची वाइन उकळून ब्रँडी-स्पिरिटला जायची. म्हणजे शेतकऱ्याला चांगलं पिकवण्यापेक्षा जास्त पिकवण्यात फायदा. १९९२ ला कोटा गेला, १९९४ नंतर जगाचा बाजार उघडला, १९९७ ला केडब्ल्यूव्ही स्वतःच कंपनी झाली. पण त्या सहकारी वाइनऱ्यांच्या मोठमोठ्या टाक्या, जुने मळे, हे सगळं तसंच राहिलं आणि त्यातल्या काहींनी खरंच सुधारून घेतलं, आणि आज जी चांगली स्वस्त रेड मिळते त्यातली बरीचशी तिथूनच येते.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही, स्वस्ताईमागे मजुरांचं हलाखीचं जगणंही आहे. इथे मळ्यावरच्या मजुरांना पगाराचा भाग म्हणून वाइनच द्यायची पद्धत होती, तिला डॉप सिस्टीम म्हणायचे, कायद्याने बंद झाली तरी तिचे परिणाम त्या घरांमध्ये अजून दिसतात. बाटलीच्या गळ्यावर सस्टेनेबिलिटीचं सील असतं, पण ते मुख्यतः शेती-पाणी-जमीन याबद्दल आहे. मजुरांसाठी फेअरट्रेडचा शिक्का वेगळा असतो, तो बघून घेता आलं तर घ्या.

किती पैसे टाकायचे?

माझा आकडा : साधारण ९० ते १८० रँड. हे असंच फेकलेलं नाही, त्यात हिशोब आहे. बाटलीची काच, बूच, लेबल, खोका, ट्रक हा खर्च स्वस्त वाइनला आणि महागला जवळपास सारखाच पडतो, आणि इथली एक्साइज ड्यूटी लिटरवर आहे, किमतीवर नाही, म्हणजे ५० रँडच्या वाइनवर जेवढी तेवढीच ५०० च्या वाइनवर. त्यामुळे ५०-६० रँडच्या बाटलीत खऱ्या द्राक्षाच्या वाट्याला किती येत असेल ते बघा. तिथून वर सरकलात की पुढच्या पैशातला बराच मोठा भाग द्राक्षात जातो, फरक जिभेला लगेच कळतो. आणि २५०-३०० च्या पुढे गेलात की पैसे जातात ते फ्रेंच ओक लाकडाची नवीन पिंपं, नाव, आणि वजनदार बाटली यांचे.

वजनदार बाटलीवरून आठवलं. पहिल्या वर्षी मी एका फार्मस्टॉलवरून एक रेड आणली होती, रिकामी बाटली हातात धरली तरी वरवंट्याएवढी जड, तळाला अंगठा आत जाईल एवढा खड्डा, मेणाचं सील. पाहुण्यांसमोर मोठ्या थाटात उघडली आणि आत नुसता लाकडाचा भुसा, म्हणजे ओक इतका की द्राक्ष शोधावं लागलं. माझी भाची म्हणाली, "मामा, याला पेन्सिलीला टोक केल्याचा वास येतोय." तेव्हापासून बाटली उचलून बघतो आणि फार जड वाटली की खाली ठेवतो.

पहिल्यांदाच घेतोय, जास्त डोकं नको, एकच नाव सांग.

बेयर्सक्लूफ पिनोटाज. साधी, प्यायला सोपी, आणि साउथ आफ्रिकेचीच खास जात. थोडे जास्त पैसे असतील तर कानोनकॉप वाइनरीची कॅडेट केप ब्लेंड (ब्लेंड म्हणजे अनेक जातींची मिसळ).

पिनोटाज पिनोटाज सगळे म्हणतात, ते नक्की आहे काय?

ही द्राक्षाची जात या मातीत जन्मली. १९२५ साली स्टेलनबॉशच्या विद्यापीठात अब्राहम पेरोल्ड नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी पिनो न्वार आणि सॅन्सो या दोन जातींचा संकर केला. सॅन्सोला तेव्हा इथे हर्मिटेज म्हणायचे, म्हणून पिनो अधिक हर्मिटेज, पिनोटाज. त्यातून बिया मिळाल्या मोजून चार! त्या त्यांनी स्वतःच्या घराच्या बागेत लावल्या आणि पुढे नोकरी बदलून घर सोडून गेले, रोपं तिथेच विसरली. बाग साफ करायला माणसं आली, आणि गोष्ट अशी सांगतात की नेमका त्याच वेळी एक तरुण लेक्चरर सायकलवरून तिकडून चालला होता, त्याला रोपांबद्दल माहीत होतं, त्याने ती वाचवली. आज हजारो एकरांवर जे पिनोटाज आहे ते सगळं त्या चार रोपांचं पोरकं खानदान.

लेबलवर पिनोटाज नाव पहिल्यांदा आलं ते १९६१ ला, लान्झराक वाइनरीच्या बाटलीवर, आत १९५९ ची वाइन होती. चवीला काय? चांगली असेल तर जांभूळ, करवंद, थोडं आळूबुखार, मागे किंचित धुरकट. वाईट असेल तर मात्र फारच वाईट, पिकून काळं पडलेल्या केळ्याचा नाहीतर नेलपॉलिशचा वास, आणि शेवटी कडवट. याच्यामुळे बरीच वर्षं या जातीला लोक नाकं मुरडायचे आणि अजूनही काही जण मुरडतात. माझं मत, आता ते बरंचसं जुनं झालं, आंबवताना तापमान सांभाळायला लोक शिकले. पण अगदी तळाच्या रॅकवरचं पिनोटाज घेऊ नका. स्वस्तात स्वस्त घ्यायचीच असेल तर ब्लेंड घ्या, त्यात एका जातीचे दोष दुसरी झाकते.

कॉफी पिनोटाज मिळतं, त्यात खरंच कॉफी असते?

नाही हो. २००१ च्या सुमाराला इथल्याच वेलिंग्टन गावच्या डीमर्सफोंटेन वाइनरीत ही टूम निघाली. खूप भाजलेलं ओकचं लाकूड वाइनमध्ये टाकलं की कॉफी-चॉकलेटचा वास येतो, एवढंच. लोकांना प्रचंड आवडलं आणि मग रांगच लागली. पहिला ग्लास मजेदार लागतो, दुसरा कंटाळवाणा. ज्यांना रेड आवडतच नाही अशा माणसाला सुरुवात करून द्यायला बरी आहे. तसंच द चॉकलेट ब्लॉक म्हणून एक प्रसिद्ध वाइन आहे त्यात पण चॉकलेट नाही, ती सिराह (म्हणजे शिराझच), ग्रेनाश, सॅन्सो वगैरे जातींचं ब्लेंड आहे, छान असते पण आपल्या बजेटच्या वर.

लेबलवर काय वाचायचं?

सगळ्यात आधी जागेचं नाव. इथे १९७३ पासून वाइन ऑफ ओरिजिनचा कायदा आहे, जागेचं नाव लिहिलं असेल तर १०० टक्के द्राक्षं तिथलीच असावी लागतात. जात आणि साल लिहिलं असेल तर किमान ८५ टक्के. म्हणजे "शिराझ" लिहिलेल्या बाटलीत १५ टक्के दुसरं काही असू शकतं आणि त्यात फसवणूक नाही. "वेस्टर्न केप" असं नुसतं मोघम लिहिलं असेल तर दहा ठिकाणची द्राक्षं गोळा केलेली, स्वस्त वाइनला तेही चालतं, पण त्याच किमतीत स्वार्टलँड किंवा डार्लिंग असं एखाद्या भागाचं नाव दिसलं तर ती उचला.

दुसरं म्हणजे गळ्यावरचं सील, त्यावर नंबर असतो आणि तो ऑनलाइन टाकून बघता येतो. तिसरं, जुन्या वेलींचं सील. रोझा क्रूगर नावाच्या बाईंनी देशभर हिंडून जुने मळे शोधून काढले, त्यातून ओल्ड वाइन प्रोजेक्ट उभं राहिलं (यातला वाइन म्हणजे वेल), आणि २०१८ पासून ३५ वर्षं किंवा जास्त वयाच्या मळ्यांच्या बाटलीवर वेगळं सील लागतं, त्यावर मळा लावल्याचं साल छापलेलं असतं. जुनी वेल फळ कमी देते पण चव भरून देते. २०० रँडच्या आत असं सील दिसलं तर मी फारसा विचार करत नाही.

आफ्रिकान्समधले शब्द घाबरवतात पण सोपे आहेत : रूई म्हणजे लाल, ड्रूअ म्हणजे ड्राय, केल्डर म्हणजे तळघर, लांडखुट म्हणजे इस्टेट.

मेडल्सचे गोल स्टिकर? अर्धे तरी दुर्लक्ष करण्यासारखे. इतके इनाम आहेत की कुठल्या ना कुठल्या वर्गात पास व्हायला अवघड नसावं. इथले लोक प्लॅटर्स गाइड नावाचं वाइनचं पुस्तक बघतात, १९८० पासून दरवर्षी निघतं, पाचपैकी स्टार देतात. कमी किमतीची आणि साडेतीन-चार स्टारवाली दिसली की आपलं काम झालं.

कुठल्या भागातली घेऊ?

स्टेलनबॉश म्हणजे इथलं नामवंत गाव, कॅबरने सोव्हिन्यॉं या द्राक्षाच्या जातीसाठी उत्तम, पण नावाचे पैसे लागतात. पार्ल आणि वेलिंग्टन शेजारी, जरा जास्त गरम, वाइन भरदार आणि भाव कमी. रॉबर्टसन डोंगरापलीकडे, तिथे चुनखडीची जमीन आणि नदीचं पाणी, आणि एक्सेल्सिअरसारख्या वाइनरी तिथून खरंच चांगलं स्वस्त कॅबरने काढतात.

माझा जीव मात्र स्वार्टलँडवर. केपटाऊनहून उत्तरेला तासाभरात मैलोन्मैल गव्हाची शेतं लागतात, उन्हाळ्यात सगळं पिवळं रखरखीत, आपल्याकडे मराठवाड्यात मे महिन्यात दिसतं ना तसं, आणि मधेच एखाद्या उतारावर बुटक्या झुडपांसारख्या वेली, ना तार ना मांडव, आणि बऱ्याच ठिकाणी पाणी पण नाही, नुसत्या पावसावर. अशी वेल कमी फळ धरते, मणी लहान, साल जाड, रंग आणि चव सालीत असते त्यामुळे वाइन दाट होते. एकेकाळी हे सगळं सहकारी टाक्यांमध्ये ओतून टाकायचे, मग २००० नंतर एबेन साडीसारख्या वाइन बनवणाऱ्यांनी याच मळ्यांतून जगात नाव काढलं. त्यांच्या वाइन आपल्या आवाक्याबाहेर, पण शेजारच्याच वेलींची रेड स्वार्टलँड वाइनरी, रिबीक किंवा पर्डेबर्गच्या नावाने निम्म्याच्याही निम्म्या भावात मिळते.

अवांतर : एप्रिल-मेमध्ये स्टेलनबॉशला गेलात आणि मळे लालभडक दिसले तर फोटो काढा पण हे पण लक्षात ठेवा की तो लाल रंग बऱ्याचदा लीफरोल नावाच्या व्हायरसचा असतो, निरोगी वेल पिवळी पडते. या रोगाने द्राक्ष नीट पिकत नाही आणि वाइनमध्ये हिरवट चव उतरते. जुन्या स्वस्त केप रेडला लोक नावं ठेवायचे त्यात याचाही हात होता.

हे सॅन्सो सॅन्सो काय चाललंय?

पिनोटाजचा बाप म्हणा किंवा आई म्हणा. उन्हाला न घाबरणारं द्राक्ष, एके काळी इथे लाल द्राक्षांत सगळ्यात जास्त हेच होतं, सगळं स्वस्त ब्लेंडमध्ये जायचं म्हणून कोणी मान देत नव्हतं. आता उलटं झालंय. रंगाला पातळ, डाळिंबाच्या रसासारखा, तुरटपणा कमी, वास स्ट्रॉबेरीचा. डिसेंबरच्या उन्हाळ्यात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून प्या आणि मला फोन करा.

मोठ्या वाइनरीची स्वस्त बाटली घेणं बरं की छोट्या वाइनरीची महाग?

मोठ्यांची स्वस्त, डोळे झाकून. प्रत्येक नामांकित घराचं दुसरं लेबल असतं, तेच मळे किंवा शेजारचे, तोच माणूस बनवणारा, फक्त तरुण वेली आणि जुनी पिंपं. कानोनकॉपची पॉल सॉवर घ्यायला मला पगाराचा दिवस लागतो पण कॅडेट आठवड्याला परवडते. फ्रान्सहूकच्या बूकनहाउट्सक्लूफची चॉकलेट ब्लॉक महाग, पण त्यांचीच वुल्फट्रॅप आणि पॉर्क्युपाइन रिज त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. ग्लेनेलीची लेडी मे राहू द्या, ग्लास कलेक्शन घ्या. केडब्ल्यूव्हीची रूडेबर्ग १९४९ पासून चालू आहे आणि मला ती कधी फार आवडली नाही पण तिने कधी दगाही दिला नाही.

सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडची घ्यावी का?

हो! इथे सुपरमार्केटमध्ये वाइन मिळते, बियर आणि व्हिस्कीला मात्र बॉटल स्टोअरमध्ये, म्हणजे दारूच्या दुकानात, जावं लागतं. वूलवर्थ्सच्या स्वतःच्या लेबलमागे बहुतेक वेळा नावाजलेली वाइनरी असते आणि मागच्या लेबलवर कळतं पण. चेकर्समध्ये ऑड बिन्स म्हणून नंबर टाकलेल्या बाटल्या असतात, कोणाची ते सांगत नाहीत, शिल्लक माल विकत घेऊन विकतात. लॉटरी आहे पण बऱ्यापैकी लागणारी लॉटरी. आवडली तर दुसऱ्याच दिवशी अजून घ्या, तो नंबर संपला की संपला.

आपल्या जेवणाबरोबर कुठली?

इथे बहुतेक लोक चुकतात, तिखट मटणाबरोबर सगळ्यात दणकट कॅबरने उघडतात. तुरट वाइन आणि वर १४.५ टक्के अल्कोहोल, दोन्ही मिळून तिखट अजून भडकवतात, कोल्हापुरी रस्सा असेल तर डोळ्यातून पाणी. तिखटाला तुरटपणा कमी असलेली, फळाची चव असलेली आणि गार केलेली वाइन पाहिजे, म्हणजे सॅन्सो नाहीतर हलकं पिनोटाज. भरल्या वांग्याला किंवा काळ्या मसाल्याच्या भाजीला शिराझ फार छान जाते कारण तिला स्वतःलाच मिऱ्याचा वास असतो. कॅबरने ठेवा ब्राईसाठी, ब्राई म्हणजे इथलं निखाऱ्यावरचं मटण, चरबी आणि तुरटपणाची जोडी जमते. बोंबील-सुरमईबरोबर तुरट रेड नको, तोंडात लोखंड चघळल्यासारखं होतं.

वाइन शाकाहारी असते ना?

आमच्या आत्याने विचारलं होतं आणि मला तेव्हा माहीतच नव्हतं. द्राक्षाचाच रस, पण गढूळपणा किंवा तुरटपणा काढायला अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातला एक पदार्थ काही वाइनरी वापरतात, नंतर गाळून काढतात. ज्यांना चालत नाही त्यांनी मागच्या लेबलवर व्हीगन लिहिलंय का ते बघा, हल्ली बरेच जण लिहितात.

थोडी गोडसर रेड नाही का?

आहे की, लाजायचं काय त्यात. फोर कझिन्सची नॅचरल स्वीट रेड घ्या, रॉबर्टसनच्या एकाच घराण्यातल्या चार चुलत भावांचं नाव आहे ते, खपते पण भरपूर. बर्फ टाकून प्या, कोणी बघत नाही.

रेड रूम टेंपरेचरला प्यायची ना?

ती रूम युरोपातली. फेब्रुवारीत इथे घरात ३० असतं, रेडला १६-१८ बरं, म्हणून २०-२५ मिनिटं फ्रिजमध्ये. आणि गाडीत ठेवू नका! मी एकदा सहा बाटल्या डिकीत विसरून बीचवर गेलो, चार तासांनी उघडतोय तर दोन बुचं वर आलेली, खोका ओला, आणि वाइनला शिजवलेल्या मनुकांची चव. चूक सर्वस्वी माझी. बाकी चार स्क्रू कॅपच्या होत्या, त्या दिसायला ठीक होत्या, पण प्यायल्यावर त्याही मेलेल्याच.

किती जुनी घ्यावी?

या किमतीत दोन-तीन वर्षांची, जास्त नको. "जुनी तितकी चांगली" हे महागड्या कॅबरनेला लागू. दुकानात धूळ बसलेली पाच-सहा वर्षांची ८० रँडची बाटली म्हणजे माल उठला नाही म्हणून पडून आहे.

भारतात घेऊन जाऊ का? तिकडे मिळत नाही का?

मिळते, पण आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी, वर राज्याची एक्साइज, त्यामुळे इथली साधी बाटली मुंबईत जपून प्यायची वस्तू होते. भारतात शिरताना माणशी दोन लिटर ड्यूटी फ्री चालतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या बसतात, तिसरी घेतली की सव्वादोन लिटर. नवरा-बायको असाल तर चार. चेक-इन बॅगेत मधोमध, जाड जीन्सच्या पायात घालून, वरून प्लास्टिक. आणि त्या दोनांत सुपरमार्केटची नेऊ नका, जागा मोजकी आहे तर तिथे एक जुन्या वेलींची आणि एक चांगलं पिनोटाज न्या. रोजच्यासाठी तिकडे नाशिकची शिराझ आहेच. गंमत म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांना असून नाशिकची आणि केपची द्राक्षं साधारण एकाच सुमाराला खुडतात, जानेवारी ते मार्च-एप्रिल, इथे उन्हाळा म्हणून आणि तिथे पावसाळा टाळायचा म्हणून.

उरलेली बाटली किती दिवस टिकते?

झाकण लावून फ्रिजमध्ये दोन दिवस, पिनोटाज तर दुसऱ्या दिवशी कधीकधी जास्त चांगलं लागतं. चौथ्या दिवशी आंबट झाली तर मटण मुरवताना घाला, अर्धी वाटी, दह्याच्या ऐवजी. बायकोने एकदा चुकून घातली होती, आता मुद्दाम उरवते.